ईएसएस ४३ आलाय, चेन वाढवू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिकुनगुनिया विषाणूचे १४० जीनोम घेतलेत, त्यांतले नव्वदहून जास्त २००६ ते २००८ मधले. झाडाचं मूळ ठरवायला सोबत ओ'न्याँग-न्याँग या नातेवाईक विषाणूचा एक सीक्वेन्स (जनुकीय अक्षरांचा क्रम) जोडलाय. बीस्ट २ (तारखांसह वंशवृक्ष काढणारं सॉफ्टवेअर) मध्ये जीटीआर, गॅमा, इन्व्हेरियंट साइट्स (अक्षरं कशी बदलतात याची मॉडेलं), रिलॅक्स्ड क्लॉक (प्रत्येक फांदीला बदलाचा वेग वेगळा), बाकी सगळं डिफॉल्ट, एक कोटी पावलांची चेन. दोन दिवस लॅपटॉप तापल्यावर ट्रेसरमध्ये (चेनच्या नोंदी तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पोस्टीरियरचा (डेटा आणि आधीचे अंदाज मिळून येणाऱ्या निकालाचा) ईएसएस, म्हणजे खरोखर स्वतंत्र अशा नोंदींचा आकडा, ४३, क्लॉकच्या वेगाचा ३१, ट्री हाइटचा (टोकापासून मुळापर्यंतच्या काळाचा) २८. लाइकलीहूडचा (झाड सीक्वेन्सना किती बसतं त्याचा) मात्र ६१०. मूळ आलंय इसवी सन १२०० च्या आसपास, आणि त्याची मर्यादा इसवी सनापूर्वीपासून थेट १७५० पर्यंत. गाइड म्हणाले, "ईएसएस दोनशेच्या वर आण, मग बोलू." लॅबचं मोठं मशीन आठवडाभर मिळू शकतं, तर चेन दहा कोटींची करावी का?

नाही. मशीन इतक्यात मागू नका.

चेन वाढवली तर आकडा दोनशेच्या वर जाईलही, आणि मला भीती त्याचीच वाटते. आज ट्रेसर लाल अक्षरं दाखवतोय म्हणून तुम्ही थबकलात आणि विचारलंत. आठवड्याने हाच निकाल काळ्या अक्षरांत येईल, गाइड खूश होतील आणि चिकुनगुनियाचा पूर्वज ज्ञानेश्वरांच्या आधीचा आहे असं प्रबंधात छापून येईल.

बीस्ट काय करतं ते आधी चार ओळींत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नुसत्या १० सीक्वेन्सचे मूळ असलेले वंशवृक्ष ३,४४,५९,४२५ प्रकारे जोडता येतात. १४० सीक्वेन्सचा आकडा लिहायला एक ओळ पुरणार नाही. सगळी झाडं तपासणं अशक्य, म्हणून बीस्ट एक झाड हातात घेतं आणि त्यात किंचित बदल सुचवत राहतं: ही फांदी उचलून तिकडे, वेग जरा कमी, मूळ जरा मागे. बदल फायद्याचा असेल तर घेतं, तोट्याचा असेल तर कधी घेतं, कधी सोडतं. ही युक्ती मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ साली मांडली. त्याच वर्षी टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, चिकुनगुनियाचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला गेला. निव्वळ योगायोग, पण वर्गात सांगायला मला आवडतो.

तुम्ही दर हजार पावलांमागे एक नोंद ठेवलीत, म्हणजे १०,००० नोंदी झाल्या. आता शितावरून भाताची परीक्षा करायची तर आपण पातेल्यातून इकडून तिकडून दोन-चार शितं उचलतो. एकाच कोपऱ्यातून एकमेकांना चिकटलेली दहा हजार शितं काढली, तर मोजायला ती दहा हजार आणि परीक्षेच्या दृष्टीने चाळीसएक. ईएसएस ४३ म्हणजे एवढंच. शंभराच्या खाली लाल, दोनशेच्या खाली पिवळं, हे रंग ट्रेसरने दिले आणि सगळ्यांनी ती लक्ष्मणरेषा मानली. रेषा उपयोगाची आहे, पण शितं सुटी आहेत का एवढंच ती सांगते. तांदूळ कोणता घेतलाय ते सांगत नाही.

आता तुमच्या आकड्यांकडे नीट बघा. लाइकलीहूडचा ईएसएस ६१० आणि वेग नि ट्री हाइट तिशीत. ही जोडी मी इतक्यांदा पाहिलीय की नुसते आकडे ऐकून दुखणं ओळखू येतं. झाड सीक्वेन्सना किती बसतंय यावर चेन छान फिरतेय. अडकलीय ती वेग आणि काळ यांच्यामध्ये. ट्रेसरमध्ये वेग आणि ट्री हाइट दोन्ही एकदम निवडून जॉइंट मार्जिनलचा टॅब उघडा. मला खात्री आहे की तिथे केळ्यासारखा वाकडा पट्टा दिसेल: वेग कमी तिथे मूळ जुनं, वेग जास्त तिथे मूळ अलीकडचं, आणि त्या केळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाइकलीहूड जवळजवळ सारखीच.

असं होतं, कारण सीक्वेन्समधले फरक फक्त अंतर सांगतात, आणि अंतर म्हणजे वेग गुणिले काळ. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. गाडी कोल्हापुरात पोचली, सांगा पुण्याहून किती वाजता सुटली? अंतर पक्कं माहीत असूनही सांगता येत नाही. टोलच्या पावत्या हातात असतील तर गोष्ट वेगळी. खेड-शिवापूरला इतके वाजले, आणेवाडीला इतके, तासवड्याला इतके, किणीला इतके. दोन पावत्यांवरून वेग निघतो आणि वेग हातात आला की मागे जाऊन सुटायची वेळ काढता येते. (फास्टॅग आल्यापासून पावती म्हणजे काय तेच मुलांना आधी समजवावं लागतं, तो भाग निराळा.) विषाणूच्या बाबतीत नमुना रुग्णाकडून घेतल्याची तारीख ही ती पावती. तुमच्या १४० पैकी नव्वद पावत्या किणी नाक्याच्या आहेत आणि त्याही दहा मिनिटांत फाडलेल्या.

म्हणून एका जुन्या नमुन्याची किंमत पन्नास नव्या नमुन्यांहून जास्त असते. एचआयव्हीचं उदाहरण घ्या. जगभर पसरलेल्या एम गटाचं मूळ काढण्यासाठी हजारो आधुनिक सीक्वेन्स उपलब्ध होते, पण खरा आधार मिळाला तो किन्शासातल्या दोन जुन्या नमुन्यांनी, एक १९५९ चा आणि एक १९६० चा. दुसरा नमुना पॅराफिनमध्ये जतन केलेल्या ऊतीतून निघाला. २००८ साली वोरोबी आणि सहकाऱ्यांनी दोन्ही वापरून मूळ १९०८ च्या आसपास काढलं, मर्यादा १८८४ ते १९२४. ती मर्यादा चाळीस वर्षांची आहे आणि तुमची दोन हजार वर्षांची. हा फरक चेनच्या लांबीने पडलेला नाही.

तेव्हा बीस्ट बंद करा आणि आधी टेम्पेस्ट उघडा. आयक्यू-ट्री या प्रोग्रॅममध्ये साधं मॅक्झिमम लाइकलीहूडचं (सीक्वेन्सना सगळ्यांत चांगलं बसणारं) झाड काढा, क्लॉकबिक काही नको, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. ते झाड टेम्पेस्टमध्ये घालून तारखा द्या आणि मुळापासून प्रत्येक टोकापर्यंतचं, म्हणजे नमुन्यापर्यंतचं, अंतर तारखेसमोर मांडा. जुने नमुने मुळाजवळ आणि नवे लांब असतील तर ठिपके खालून वर चढताना दिसतात. त्या रेषेचा चढ म्हणजे वेगाचा कच्चा अंदाज, आणि ती आडव्या अक्षाला जिथे छेदते ते मुळाचं कच्चं साल. ठिपक्यांचा गोल ढग दिसला तर बीस्ट कितीही चालवा, पावत्या नाहीतच. मात्र या आलेखातल्या सहसंबंधाचा पी-व्हॅल्यू काढून प्रबंधात टाकू नका. ठिपके एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, एकाच फांदीवरचे सगळे ठिपके एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असतात. आलेख डोळ्यांनी बघण्यासाठी आहे.

आणि तो एकेका ठिपक्यावर जाऊन बघा. माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एक निकाल तीन आठवडे जुळत नव्हता. मी प्रायर (आधीच धरलेले अंदाज) बदलले, क्लॉक बदलला, चेन दुप्पट केली, मग चौपट केली. शेवटी एका सहकाऱ्याने झाड टेम्पेस्टमध्ये टाकलं, तेव्हा एक ठिपका रेषेच्या कितीतरी खाली एकटा बसलेला. नाव बघितलं. तो नमुना १९६० च्या दशकातला होता, पण मी डेटाबेसमधून उचललेली तारीख सीक्वेन्स जमा केल्याची होती. म्हणजे विषाणू चाळीस वर्षं फ्रीझरमध्ये गोठून होता आणि बीस्टला मी सांगत होतो की ही चाळीस वर्षं तो डासामाणसांत फिरत होता. त्याच्या वाट्याचे बदल कुठे गेले याचं उत्तर शोधता शोधता बिचारं प्रोग्रॅम वेग पाडत राहिलं. पंधरा मिनिटांत सापडलेली चूक, आणि तिच्यापायी तीन आठवडे.

तुमच्याही यादीत असं काही असणार. चिकुनगुनियात तर हमखास असतं, कारण १९५३ चे दोन प्रसिद्ध नमुने, रॉस आणि एस२७, हे प्रयोगशाळेत कित्येक वेळा उंदरांच्या मेंदूत नि पेशींत वाढवलेले आहेत. तिथे झालेले बदल कुठल्याही साथीत झालेले नाहीत, आणि त्यांची तारीख १९५३ असली तरी टोक तिथे थांबलेलं नाही. १८१/२५ नावाची लस-जात आहे, ती १९६२ च्या थायलंडमधल्या एएफ१५५६१ पासून मुद्दाम कमकुवत करत आणलेली. ती यादीत असेल तर सरळ काढून टाका. रॉस आणि एस२७ मात्र डोळे झाकून काढू नका, जुन्या पावत्या तुमच्याकडे आहेतच कमी. ते ठेवून एकदा आणि काढून एकदा, असे दोन्ही निकाल काढा. फरक मोठा पडला तर तो मजकुरात लिहा.

तारखांचं आणखी एक. डेटाबेसमध्ये बऱ्याच ठिकाणी नुसतं २००६ असतं. बीस्ट ते २००६.० धरतं, म्हणजे १ जानेवारी. आपल्याकडची साथ पावसाळ्यात आणि नंतर भडकते, तेव्हा सहा-आठ महिन्यांची चूक होते. मूळ शतकांमागचं असेल तर याने काही बिघडत नाही, पण २००५-०६ च्या साथीचा पूर्वज कोणत्या महिन्यातला असं विचारणार असाल तर बिघडतं. अशा टोकांची तारीख वर्षाच्या मध्यावर ठेवून तिला वर्षभराच्या मर्यादेत हलायची मुभा देता येते. आणि ब्यूटीमध्ये (बीस्टची फाइल तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तारखा 'भूतकाळातल्या एका क्षणापासून पुढे' मोजायच्या की 'आजपासून मागे', ते एकदा तपासा. उलटं निवडलं तर १९५३ चा नमुना सगळ्यांत नवा ठरतो, आणि बीस्ट तक्रार न करता तसंच झाड बांधून देतं.

आता ओ'न्याँग-न्याँग. तो का घेतलात ते समजतं, झाडाला मूळ हवं तर बाहेरचा नातेवाईक लागतो असं आपण शिकलेलो असतो. पण तारखांसह क्लॉक चालवताना मूळ क्लॉकच ठरवतो, बाहेरच्याची गरज नसते. उलट तो आला की तीन गोष्टी बिघडतात. त्याच्यापर्यंतची फांदी इतकी लांब की तिच्यावर एकाच जागी पुन्हा पुन्हा झालेले बदल झाकले जातात. साथीतला वेग आणि दोन विषाणू वेगळे होण्याच्या काळातला वेग सारखा नसतो. आजचे बरेचसे बदल हानिकारक असतात आणि काळाच्या ओघात छाटले जातात, त्यामुळे जितकं मागे जाल तितका वेग कमी भासतो. आणि कोअलेसंट प्रायर (फांद्या मागे जात कशा एकत्र येतात याचं मॉडेल) एका लोकसंख्येसाठी आहे, दोन वेगळ्या विषाणूंची मोट बांधायला नाही. मुळात तुमची १२०० ही तारीख चिकुनगुनियाच्या मुळाची आहे की चिकुनगुनिया आणि ओ'न्याँग-न्याँग यांच्या समाईक पूर्वजाची? ट्री हाइट म्हणजे अख्ख्या झाडाची उंची. मला वाटतं तुम्ही दुसरीच गोष्ट मोजून पहिलीचं नाव दिलंय. हा एक सीक्वेन्स काढलात तरी निम्मं दुखणं जाईल.

डिफॉल्टकडे येऊ. "बाकी सगळं डिफॉल्ट" हे वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. बीस्ट २ मधली ब्यूटी झाडाचा प्रायर म्हणून यूल मॉडेल पुढे करते. यूल हे प्रजाती फुटण्याचं मॉडेल, सगळी टोकं आजची आहेत असं गृहीत धरणारं. तुमची टोकं पन्नास-साठ वर्षांत विखुरलेली आणि एकाच विषाणूची आहेत. इथे कोअलेसंट घ्या, आणि आधी स्थिर लोकसंख्येचं किंवा घातांकी वाढीचं साधं मॉडेल. स्कायलाइन (लोकसंख्या काळानुसार बदलू देणारं मॉडेल) नंतर. त्याचा आलेख देखणा दिसतो म्हणून सगळ्यांना घाई असते.

वेगाचा प्रायरही तपासा. बीस्ट २ च्या कित्येक आवृत्त्यांत तो शून्य ते अनंत असा सपाट दिलेला असतो. सपाट म्हणजे निष्पक्ष असं वाटतं, पण त्याचा अर्थ होतो की दर वर्षी दर जागेमागे हजार बदल हेही तुम्हाला तितकंच मान्य आहे. त्याऐवजी लॉगनॉर्मल द्या. चिकुनगुनियाचा जीनोम सुमारे ११,८०० अक्षरांचा. वेग ०.०००२ ते ०.००१ च्या पट्ट्यात धरला तर पूर्ण जीनोममध्ये वर्षाला दोन-तीनपासून बारापर्यंत बदल होतात, आणि आरएनए विषाणूला ते शोभतं. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना भरपूर ऐसपैस जागा ठेवून प्रायर बांधा.

हे करताना तिथल्या एका छोट्या चौकटीकडे लक्ष ठेवा, तिने भल्याभल्यांना फसवलंय. लॉगनॉर्मलच्या खिडकीत 'मीन इन रिअल स्पेस' अशी टिक आहे. ती केलीत तर एम म्हणून लिहिलेलं ०.०००५ हे खरोखर ०.०००५ असतं. नाही केलीत तर बीस्ट त्याला लॉगरिदम समजतं, आणि ई चा ०.०००५ वा घात म्हणजे जवळजवळ १. मग तुमच्या प्रायरचा मध्य होतो दर वर्षी दर अक्षरामागे एक बदल, म्हणजे अख्खा जीनोम वर्षभरात बदलून मोकळा. उजव्या बाजूला छोटा आलेख दिसतो, त्याखालचे आकडे वाचायची सवय लावा.

जीटीआर, गॅमा आणि इन्व्हेरियंट असं तिन्ही एकदम घेण्याचीही गरज नाही. २००६-०८ चे नमुने एकमेकांसारखेच आहेत, त्यात काही प्रकारचे बदल मोजकेच झाले असणार. जीटीआरला सहा वेगळे वेग लागतात, त्यातल्या दोघा-तिघांसाठी पुरावाच नसतो आणि ते भटकत राहतात. गॅमा आणि इन्व्हेरियंट तर एकाच जागेसाठी भांडतात: काही जागा बदलत नाहीत, ही गोष्ट दोघंही आपापल्या परीने सांगायला बघतात. एचकेवाय (जीटीआरहून साधं मॉडेल) आणि चार वर्गांचा गॅमा यावर सुरुवात करा. आणि क्लॉक आधी स्ट्रिक्ट (सगळ्या फांद्यांना एकच वेग). मग रिलॅक्स्ड लावून वेगाच्या विचलनाचा गुणांक बघा. तो शून्याला टेकून बसला असेल तर फांद्यांचे वेग फारसे निराळे नाहीत, स्ट्रिक्टने भागेल. शून्यापासून स्पष्ट दूर असेल तर रिलॅक्स्ड ठेवा.

यानंतरची पायरी मी माझ्या हाताखाली कुणालाही चुकवू देत नाही. तुमचीच एक्सएमएल (बीस्टला दिलेली फाइल), तेच प्रायर, त्याच तारखा, पण सीक्वेन्सशिवाय. ब्यूटीत चेनच्या टॅबवर 'सँपल फ्रॉम प्रायर' आहे, तेवढी टिक करून चालवा. लाइकलीहूड काढायची नसल्यामुळे ते भराभर उरकतं. मग ट्रेसरमध्ये हा लॉग आणि खरा लॉग एकावर एक ठेवा. मुळाच्या तारखेचे दोन्ही डोंगर एकमेकांवर तंतोतंत बसले तर तुम्ही १४० जीनोममधून काही शिकला नाहीत, जे आधी भरलंत तेच परत बाहेर आलं. खरा डोंगर अरुंद होऊन बाजूला सरकला असेल तर डेटा बोलतोय. आणि सपाट, अनंत प्रायर तसाच ठेवून ही रन केलीत तर वेग वर वर जात कुठे थांबतच नाही. ते पाहिलं की 'अनिर्बंध प्रायर' म्हणजे काय ते कुठल्याही व्याख्यानापेक्षा चांगलं कळतं. बीस्टला "मला माहीत नाही" असं म्हणता येत नाही. ते नेहमी एक झाड आणि एक तारीख देतं. ती तारीख कुठून आली हे या रनशिवाय कळायचा मार्ग नाही.

तारखांमध्ये खरंच काही दम आहे का याची आणखी कडक परीक्षा हवी असेल तर तारखा नमुन्यांवर उलटसुलट वाटून दहा-वीस रन करा. खऱ्या तारखांचा वेग त्या खोट्या वेगांच्या गर्दीत मिसळला तर दम नाही. किंवा तारखांसह आणि तारखांविना अशा दोन मॉडेलांची मार्जिनल लाइकलीहूड (अख्खं मॉडेल डेटाला किती बसतं तो आकडा) तोला. ती काढायला पाथ सँपलिंग किंवा स्टेपिंग-स्टोन वापरा. हार्मोनिक मीनच्या वाटेला जाऊ नका, सोपं आहे आणि चुकीचं आहे.

एवढं झाल्यावर चेन. एक दहा कोटींची नको, दोन-तीन कोटींच्या चार लावा, प्रत्येकीचं बीज (सुरुवातीचा यादृच्छिक आकडा) वेगळं. एकाच चेनचा ईएसएस ५०० असू शकतो आणि तरी ती एकाच टेकडीवर घुटमळत असते, पलीकडे दुसरी टेकडी आहे हे तिला कळतच नाही. चार वेगवेगळ्या ठिकाणांहून निघालेल्या चेन एकाच जागी पोचल्या तर विश्वास ठेवा. ट्रेसरचा आलेख केसाळ सुरवंटासारखा दिसला पाहिजे, सरळ, दाट, दोन्ही बाजूंनी सारखा. पायऱ्या किंवा लाटा दिसल्या तर अजून नाही. सुरुवातीचे दहा टक्के टाकून द्या हा रिवाज आहे, पण आलेख बघून ठरवा, कधी पंचवीस टाकावे लागतात. रन संपल्यावर बीस्ट ऑपरेटरांचं एक कोष्टक छापतं आणि कोणता ऑपरेटर कसा बदलावा ते सुचवतं. ते कुणी वाचत नाही. वाचा. सगळं जुळलं की लॉगकंबाइनरने जोडा, ट्रीअॅनोटेटरने एक झाड काढा, फिगट्रीत बघा, आणि फांद्यांवर आकडे छापताना मर्यादाही छापा.

लॅपटॉपवर दोन दिवस लागले असतील तर बीगल ही हिशेब वेगाने करणारी लायब्ररी बसवलेली नसावी, ती बसवा. धागे (थ्रेड्स) वाढवून फार फरक पडेल असं नाही, ११,८०० अक्षरांत एकसारखे स्तंभच जास्त असतात. लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका, बीस्ट २ मध्ये रिझ्यूम आहे आणि चेन सोडली तिथून पुढे जाते. बीस्ट १ ची परंपरा आता बीस्ट एक्स या नावाने चालते, ती आणि बीस्ट २ ही दोन वेगळी घरं आहेत. एकाची एक्सएमएल दुसऱ्यात चालत नाही. तुमच्या कामाला दोन्हींपैकी कुठलंही चालेल, जे मित्राला येतं ते घ्या. उद्या पाच हजार जीनोम आले तर मात्र दोन्ही सोडा आणि ट्रीटाइम या वेगवान प्रोग्रॅमकडे वळा.

पुढे जाऊन या झाडावर राज्यांची नावं घालून विषाणू कुठून कुठे गेला ते काढायचा विचार मनात असणारच, सगळ्यांच्या असतो. तेव्हा कोणत्या राज्यातून किती नमुने आहेत ते आधी मोजा. ज्या शहरात मोठी प्रयोगशाळा असते तिथेच विषाणू जन्मल्याचं या पद्धतीत फार वेळा निघतं. पुण्यात बसून काम करणाऱ्याने तर हे भिंतीवर लिहून ठेवावं.

शेवटचं, तुमच्या प्रश्नाबद्दल. अख्ख्या चिकुनगुनियाचं मूळ कधीचं, हा प्रश्न तुमच्या नमुन्यांना झेपणारा नाही. त्यासाठी पश्चिम आफ्रिकेतले जुने नमुने भरपूर हवेत. तुमच्याकडे त्याहून चांगला प्रश्न पडून आहे. भारतात १९६३ ला कोलकात्यात आणि १९७३ ला बार्शीत जो विषाणू होता तो आशियाई जातीचा. मग तीसेक वर्षं शांतता, आणि २००५-०६ ला जो आला तो आफ्रिकेतल्या पूर्व-मध्य-दक्षिण जातीचा. मधल्या शांततेत एकच खिडकी उघडी आहे: सोलापूर रस्त्यावरच्या यवतला २००० साली मिळालेला नमुना, आणि तो आफ्रिकी जातीचा निघाला, मोठ्या साथीच्या पाच वर्षं आधी. आशियाई आणि पश्चिम आफ्रिकी नमुने बाजूला ठेवा, फक्त या एका जातीचे घ्या. रॉस आणि एस२७ याच जातीतले, तेव्हा पावत्या १९५३ पासून २०१० च्या दशकापर्यंत पसरतात. मग बघा, यवतचा नमुना २००६ च्या भारतीय फांदीच्या बुंध्याशी जुळतो की वेगळ्याच फांदीवर जातो, आणि दोघांचा समाईक पूर्वज कधीचा. केरळात २००७ मध्ये दिसलेला ई१ प्रथिनातल्या २२६ व्या जागेचा बदलही याच फांदीवर कुठे बसतो ते कळेल.

यवतचा सीक्वेन्स तुमच्या यादीत आहे का ते मात्र प्रश्नावरून कळलं नाही. नसेल तर आजच काढून घ्या, आणि त्याची तारीख २००० च पडलीय ना, ते दोनदा बघा.